मदत हवी आहे: व्हीलचेअरवर आईला मोत मावलीला कसं न्यावं?

नमस्कार. आम्ही जालन्याचे. अर्धांगवायूनंतर आईचा डावा हात अजून उचलत नाही. औषधं, फिजिओथेरपी चालू आहे, ते बंद करणार नाही. (म्हणून तो सल्ला नको.) पण बांद्र्याच्या मोत मावलीला (माउंट मेरी चर्चला) मेणाचा हात वाहायचा तिचा नवस आहे. रोज उजव्या हातानं डाव्या मुठीत जपमाळ कोंबते आन् ती घसरली की परत कोंबते. मला स्वतःला चमत्काराचं काही सांगता येत नाही, पण हिला नाही कसं म्हणू?

८ सप्टेंबरच्या सणाची आणि पुढच्या आठवड्यातल्या जत्रेची गर्दी तिला झेपणार नाही, म्हणून नोव्हेंबरात देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघून दादरला उतरायचं ठरवलंय. मंगळवारी बांद्रा आणि बुधवारी माहीमच्या सेंट मायकेल चर्चचा नोव्हेना (बुधवारची खास प्रार्थना). मुक्काम एकच रात्र, सोबत मी एकटाच. गावातल्या दोघांना विचारलं, पण ते धडधाकट माणसं घेऊन गेलेले, पायऱ्यांचं त्यांच्या ध्यानातच नाही.

अलीकडे कुणी व्हीलचेअर घेऊन गेलं असेल तर सांगा: टॅक्सी टेकडीवर चर्चच्या दारापर्यंत जाते का, पायऱ्या टाळून आत जायला उतार आहे का, आणि माहीमला बुधवारी मराठी नोव्हेना किती वाजता असतो?