हरणाचं आख्खं कातडं मिळालंय, कुठले केस कशाला?

मिशिगनकर: शिकारी मित्राने व्हाइटटेल हरणाचं कातडं दिलंय शेपटीसकट, ट्राउट माशांसाठी फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष) बांधतो पण कुठले केस कुठे वापरू कळेना आणि टाकवतही नाहीये

जुना_गळ: अंगावरचे केस आतून पोकळसर, त्यामुळे तरंगतात आणि दोरा आवळला की फुलतात, मडलर नावाच्या फ्लायचं डोकं त्यांचंच. शेपटीचे टोकाकडचे फारसे फुलत नाहीत, ते क्लाउझर मिनो या छोट्या माशासारख्या फ्लायला. चेहऱ्यावरचे आखूड बारीक केस छोट्या कॉम्पाराडनला (पाण्यावर तरंगणारी फ्लाय), हे लोक उगाच फेकतात!

नदीकाठ: आधी मुळाशी असलेली लव विंचरून काढ रे, नाहीतर स्टॅकरमध्ये (केस एका रेषेत आणायची नळी) टोकं जुळतच नाहीत. ती लव डबिंगला, म्हणजे दोऱ्यावर वळून फ्लायचं अंग करायला ठेव

मिशिगनकर: भारी! थोडे पुण्याला भावाला नेऊ का?

जुना_गळ: नको, तिकडे चितळ-सांबर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, हे केस त्यांचे नाहीत हे कस्टम्सला काय समजावणार