रिअ‍ॅक्ट अ‍ॅपला लॉगिन जोडतोय, टोकन ठेवू कुठे?

रावेरकर: काकांच्या केळीच्या धंद्यासाठी एकपानी अ‍ॅप केलंय. कोणाची किती क्विंटल कापणी, गाडी कधी भरली, एवढंच. टोकन (लॉगिन झाल्याची खूण) व्हेरिएबलमध्ये ठेवतो, त्यामुळे पान रिफ्रेश केलं की मुनीमजी बाहेर! ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये टाकू का?

भुसावळ_जंक्शन: नको रे भाऊ. पानात परकी स्क्रिप्ट घुसली तर ती लोकलस्टोरेज सरळ वाचते. सर्व्हरकडून एचटीटीपी-ओन्ली कुकी दे, जावास्क्रिप्टला ती दिसतच नाही. सोबत सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जाते) आणि सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जाऊ द्यायची का, ते ठरवतं) लाव. पान उघडताच 'मी कोण' विचारणारी एक विनंती पाठव. 401, म्हणजे 'ओळख पटली नाही', आला की लॉगिन दाखव.

धुळेकर: बटण लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही हां. भाव बदलायचा हक्क सर्व्हरवरच तपास, दर विनंतीला. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश करतोस ना, म्हणजे मूळ पासवर्ड साठवत नाहीस ना?

रावेरकर: करतो. कुकी लावली, पण जातच नव्हती, अख्खी संध्याकाळ गेली! एपीआय (अ‍ॅपला डेटा देणारा सर्व्हरचा भाग) दुसऱ्या डोमेनवर आहे. कुकी सोबत जावी म्हणून फेचमध्ये क्रेडेन्शियल्स 'इन्क्लूड' केलं, कॉर्समध्ये (कोणत्या साइटला उत्तर वाचू द्यायचं, ती सर्व्हरची सेटिंग) चांदणीऐवजी (*, म्हणजे कोणीही) अ‍ॅपचा नेमका पत्ता दिला, सेमसाइट 'नन' केलं. चाललं.

भुसावळ_जंक्शन: 'नन' केलंस तर परकी साइट तुझ्या कुकीवर खोटी विनंती पाठवू शकते, ती अडवायला सीएसआरएफ टोकनही लाव. त्यापेक्षा एपीआय त्याच डोमेनखाली आण.

रावेरकर: आणतो. मुनीमजी अमळनेरचे, म्हणतात, "पासवर्ड भितवर लिखी ठेव ना भो."