मदत हवी आहे : साबरमतीकाठी दिवसभर सायकल

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो आणि दिवाळीच्या सुट्टीत एक पूर्ण दिवस अहमदाबादला साबरमतीकाठच्या पक्क्या रस्त्यावर सायकल चालवण्याचा बेत आहे. बरोबर सासरे आणि दहा वर्षांची मुलगी असेल.

गेल्या वर्षी तिथे भाड्याने घेतलेल्या सायकलीची साखळी तीनदा उतरली, सीट दर पंधरा मिनिटांनी खाली घसरत होती आणि परतताना माझे दोन्ही हात काळ्या ग्रीसने माखले होते. त्यामुळे या वेळी घरच्याच सायकली रेल्वेने न्याव्यात असे वाटते. वडोदरा स्थानकावर सायकल सामानाच्या डब्यात नोंदवण्याचा अनुभव कोणाला आहे का? गाडीच्या किती आधी पोहोचावे लागते आणि पेडल काढावे लागतात का?

दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. नदीलगतच्या खालच्या रस्त्यावर झाडे फारशी नाहीत, पण दुपारनंतर पश्चिम काठावर उंच भिंतीची सावली पडते, म्हणून सकाळी पूर्व काठ आणि उतरत्या उन्हात पश्चिम काठ असा क्रम योग्य ठरेल का? २०२२ साली खुला झालेला अटल पूल पादचाऱ्यांसाठी असल्याने काठ बदलायला कोणता पूल मुलीला घेऊन ओलांडण्यास सुरक्षित आहे? १९१७ साली स्थापन झालेला गांधीजींचा आश्रम पाहायचाच आहे. तिथे सायकली कुलूप लावून निर्धास्त ठेवता येतात का, हेही कृपया कळवावे.