नेक्सॉन इव्ही की एक्सयूव्ही400: अर्ध्या गुणावर गाडी ठरवायची?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "भारत एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला नेक्सॉन इव्हीला 32 पैकी 29.86, एक्सयूव्ही400 ला 30.38. महिंद्रा पुढं, विषय संपला." कसा संपला? त्याच निकालात मुलांच्या सुरक्षेला 49 पैकी नेक्सॉनला 44.95 आणि एक्सयूव्हीला 43 आहेत. तो आकडा का गाळला? दोन्ही गाड्या पाच ताऱ्यांच्या आहेत.

टिळकवाडीकर: ते लिहिणारा मीच. स्टिअरिंग माझ्या हातात, म्हणून मोठ्यांचे गुण बघितले. त्यात गाळायचं काय आलं?

निपाणीकर: गुणांवर भांडायलाय, बॅटरीचं कोण बोलणार? नेक्सॉनची एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची, एक्सयूव्ही400 ची एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची. एलएफपी सहजासहजी पेट घेत नाही. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

टिळकवाडीकर: आगीची भीती घालू नका. धडकेत जीव वाचवतो तो सांगाडा आणि पट्टा. आणि मुलांचं म्हणाल तर आमच्याकडं पोर आईच्या मांडीवरच असतंय. आम्ही पण तसेच वाढलो.

खानापूरकर: मांडीवर? गेल्या आषाढात चोर्ला घाटानं साखळीला निघालो होतो. कणकुंबीच्या पुढं धुकं, वळणावर अचानक म्हैस. वेग तिशीतला. ब्रेक दाबला आणि सुनेच्या हातातनं नातू सुटला, कपाळ डॅशबोर्डवर. भुवईला चार टाके पडले. तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं हो त्याला! बांगड्या फुटून काचा सीटभर पडल्या होत्या.

जांबोटीचा: आधी रस्त्याचं बोला. पावसाळ्यात मी रोज त्या वाटेनं जातो. खड्डा चुकवायला गेलं की समोरचा ट्रक अंगावर. तिथं तुमचे तारे काय करणार?

टिळकवाडीकर: नातवाचं वाचून वाईट वाटलं. पण गाडी तुमची नेक्सॉनच ना? मग 44.95 कुठं गेले?

खानापूरकर: तेच सांगायलोय! ते गुण मुलांच्या सीटमध्ये बांधलेल्या पुतळ्यांवर मिळालेत. मांडीवरच्या पोराला त्यातला एकही लागू नाही. ताशी 40 च्या वेगातली गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर 12 किलोचं पोर सव्वाशे किलोच्या वर जोरानं पुढं जातं. कुठल्या आईच्या हातात तेवढं बळ आहे? शिवाय पुढच्या सीटवर एअरबॅग फुटली तर ती पोरावरच. चूक माझी होती, गाडीची नव्हती. म्हणून तर एवढं लिहायलोय.

निपाणीकर: कोगनोळी टोलला उभं राहून बघा, दहा गाड्यांत एका पोराला तरी सीट दिसते का.

टिळकवाडीकर: बरं, सीटचं कबूल. महिंद्राचं मागं घेणार नाही. दोन्हीत मागं आयसोफिक्स, म्हणजे मुलांची सीट अडकवायच्या कड्या आहेत, एवढं मलाही ठाऊक आहे. मुलगी तीन वर्षांची आहे. सीट तोंड पुढं करून लावायची की मागं?

खानापूरकर: सीटवर वजन-उंचीची मर्यादा छापलेली असते. त्यात बसत असेल तोवर मागंच तोंड ठेवा. रडली तरी सोडू नका.