पकडून लांब सोडणं हा उपाय नव्हे

'बिबटे पकडा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा' असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. गावातली भीती मला मान्य आहे, पण हा उपाय जुन्नरमध्ये करून झाला आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे धरून इतरत्र सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, हल्ले वर्षाला १७ वर गेले. अनोळखी रानात सोडलेला बिबट्या बिथरतो, परतीची वाट धरतो, आणि त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा येऊन धरतो.

मुळात त्याला शिवारात आणलं आपणच. कुकडी धरण प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला. वर्षभर उभं पीक, आत गारवा, बांधावर कुत्री, डुकरं, शेळ्या. आमच्या उसाच्या फडात तोडणीच्या वेळी पाचटात दोन पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. कोयते तिथेच थांबले. वनखात्याच्या माणसांनी सांगितलं, पिल्लं हलवू नका. संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ती त्याच जागी ठेवली, सगळे लांब गेलो. रात्री मादी आली, मानगुटीला धरून एकेक घेऊन गेली, कॅमेऱ्यात दिसलं. त्या रात्री पिल्लं उचलून नेली असती, तर हीच मादी चवताळून वस्तीभोवती फिरली असती. त्यामुळे पिंजऱ्याची मागणी करण्याआधी गोठ्याला जाळी मागा, आणि पिकाला रात्री पाणी द्यावं लागू नये म्हणून पंपाला दिवसा वीज मागा. अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारा माणूस बिबट्याला सहज सापडतो.