कड्याखालच्या खडकावर गरी टाकायचीय: आधी बूट घेऊ की लाईफ जॅकेट?

कपारवाट:
नमस्कार मंडळी. आजवर गरी टाकली ती वाळूवरून आणि जेट्टीवरून. आता एका कड्याखाली जायचं मनात आहे. वरून पाण्यापर्यंत साधारण १५ मीटर उतार. अर्ध्यापर्यंत पायवाट, पुढे हातापायांनी उतरावं लागतं. खाली सपाट कातळ आणि त्याला लागूनच खोल पाणी. मासा आहे, वरून दिसतो.

१० फुटी रॉड आणि रील आहे, ते बदलायचं नाही. पैसे एकाच चांगल्या वस्तूपुरते आहेत. म्हणून प्रश्न एवढाच: आधी बूट की लाईफ जॅकेट? आणि दोर लागेल का? पोहता येतं. सोबत मित्र असतो, तो गरी टाकत नाही, नुसता बसतो.

शिसंवाला:
१० फुटी रॉड खडकावर कमी पडतो. लागलेला मासा सरळ पायाखालच्या कपारीत घुसतो आणि तंगूस (गरीचा दोरा) खडकाच्या धारेवर घासून तुटतो. रॉड लांब असला की तंगूस धारेपासून दूर ठेवता येतो. मी १२ फुटी घेतला, ६००० साइजचं रील, ब्रेडेड दोरा आणि पुढे दीड वाव जाड फ्लुरोकार्बन. त्या सेटवर मी जे गोबरे काढलेत तसले जेट्टीवर बघायलाही मिळत नाहीत. बुटांचं काय, जुने कॅनव्हासचे घाला. आधी रॉड बदला.

तंगूसवाली:
शिसंवाला, रॉड बदलायचा नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

कपारवाट, जॅकेट घ्या. पोहता येतं हे खडकावर फारसं कामाला येत नाही. पडणारा माणूस बहुतेक वेळा आधी खडकावर आपटतो आणि मग पाण्यात जातो. खांदा निखळला की पोहणार कसं? माझं फोमचं आहे. जाड आहे, उन्हात घामाने भिजायला होतं, पण पाठीला आणि बरगड्यांना गादी मिळते. पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या, नाहीतर पाण्यात ते वर सरकून कानांशी येतं.

एकटा_गरी:
फोमचं अंगात घालून दिवसभर गरी कोण टाकणार? हवेचं घ्या. माझं १५० न्यूटन तरंगशक्तीचं आहे. पाण्यात पडलं की आपोआप फुगतं आणि शुद्ध हरपली तरी माणसाला उताणं करतं. ५० न्यूटनचं फोम ते करत नाही. वजन जाणवत नाही, फेकताना खांदे मोकळे.

तंगूसवाली:
होडीवर हवेचं उत्तम. खडकावर कालवांच्या धारेला एकदा घासलं की आतला फुगा फाटतो. शिवाय मोठा फवारा अंगावर आला की फुगवणं चालू करणारी आतली गोळी विरघळते आणि जॅकेट कोरड्यावरच फुगतं. दुसरी गोळी आणि गॅसचा सिलिंडर जवळ नसेल तर त्या दिवशी घरी जायचं. फोममध्येही १०० न्यूटनचं, कॉलरवालं मिळतं, तेही उताणं करतं.

एकटा_गरी:
पाण्याच्या दाबावर उघडणारंही येतं, ते फवाऱ्याने फुगत नाही. माझं तेच आहे आणि एकदाही दगा दिलेला नाही.

कातळकरी:
जॅकेट पाण्यात पडल्यावर कामाला येतं. बूट पडूच देत नाहीत. माझा चुलतभाऊ नवेकोरे स्पोर्ट शूज घालून शेवाळावर उतरला आणि पहिल्या पावलाला मनगट मोडून बसला. त्या दिवशी लाट नव्हती, वारा नव्हता, फक्त शेवाळ होतं.

रबरी तळव्याला कितीही खाचा असू देत, ओल्या शेवाळावर तो भरवशाचा नाही. फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड नमद्यासारख्या कापडाचा, तळवा शेवाळ धरतो. पण तोच फेल्ट ओल्या मातीवर आणि गवतावर सरकतो, आणि तुमची अर्धी वाट बहुधा तशीच असणार. नुसते खिळे माती-शेवाळ दोन्ही धरतात, पण गुळगुळीत कडक कातळावर कोरडे असताना घसरतात. म्हणून फेल्टमध्येच खिळे बसवलेले घ्या. जपानमध्ये खडकावरून मासेमारी करणारे असलेच बूट वापरतात. मीही तेच वापरतो आणि दुसरं काही घालणार नाही. फेल्ट झिजतो, तेव्हा तळवा बदलता येणारा बघा.

निळाशार:
फेल्ट घेण्याआधी विचार करा. न्यूझीलंडने २००८ साली गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. डिडिमो नावाचं शेवाळ ओल्या फेल्टमध्ये जिवंत राहतं आणि एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं, म्हणून.

कातळकरी:
ते नदीचं झालं. इथे प्रश्न समुद्राच्या खडकाचा आहे.

निळाशार:
बूट तोच, माणूस तोच. शनिवारी खडकावर आणि रविवारी नदीवर जाणारे खूप आहेत. धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी प्रत्येक धाग्यावर म्हणणार.

जुनी_जेट्टी:
मी गमबूट वापरतो. पाय कोरडे राहतात, कालवं लागत नाहीत.

तंगूसवाली:
गमबूट नको! पाणी भरलं की माणूस तळाला जातो.

जुनी_जेट्टी:
तळाला नाही जात. बुटातलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारख्याच वजनाचं. पाण्यात असेपर्यंत ते खाली ओढत नाही. जड होतं ते बाहेर चढताना.

तंगूसवाली:
मग बाहेर चढायचं नसतं का? लाटेत खडकावर पाय रोवायला मिळतो तो एखादा क्षण. त्या क्षणी दोन्ही पायांत पाणी भरलेलं नको.

उधाणवारा:
बूट आणि जॅकेट दोन्हींच्या आधीची गोष्ट कोणीच लिहिली नाही: त्या दिवशी खाली उतरायचं की नाही. याला एक पैसा लागत नाही.

वारा पडलाय म्हणून समुद्र शांत असं समजू नका. स्वेल, म्हणजे लांबून आलेली लाट, हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून येते, इथे पानही हलत नसताना. अंदाजात लोक फक्त उंची बघतात. पिरियड बघा, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचे सेकंद. खोल पाण्यात ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब असते, १४ सेकंदांची ३०० मीटरच्या वर. उंची सारखी दिसली तरी लांब लाटेत ताकद जास्त असते आणि खडकाशी ती जास्त उसळते. दीड मीटर, १४ सेकंद असं दिसलं की मी कड्याच्या वरच बसतो.

दुसरं, अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. १० सेकंदांच्या समुद्रात तीन तासांत हजारावर लाटा येतात, आणि त्यांत एखादी त्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. म्हणून पोचल्यावर निदान अर्धा तास वर बसून बघा, लाटांचे दोन-चार मोठे गट येऊन जाऊ देत. जिथे खडक ओला आहे तिथपर्यंत लाट आलेली आहे. घन मीटरभर समुद्राचं पाणी टनाहून जड असतं. गुडघ्यापर्यंतची लाटही उभ्या माणसाला पाडते.

तिसरं भरती. पाणी समोरून चढताना दिसतं, पण अडकवतं ते मागून. बाकापर्यंत, म्हणजे खालच्या सपाट कातळापर्यंत, यायला मधे घळ असेल तर ती आधी भरते. साधारण सहा तासांची भरती सारख्या वेगाने चढत नाही. ३ मीटरची असेल तर पहिल्या तासात पाव मीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून दीड मीटर. पहिला तास बघून "अजून वेळ आहे" असं वाटतं, आणि पुढच्या दोन तासांत परतीची वाट जाते. सुकती (ओहोटी) लागल्यावर उतरा, पाणी वळलं की सामान आवरा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, नवख्याने भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस निवडावेत.

शिसंवाला:
उधाणालाच मासा लागतो राव. भांगात नुसतं बसायचं.

उधाणवारा:
लागतो. पण ते त्या खडकाची ओळख झाल्यावर.

दोरखंड:
दोराबद्दल. कड्यावर आधीच कोणीतरी बांधून ठेवलेला दोर असेल तर त्यावर भार टाकू नका. स्वस्त पॉलीप्रॉपिलीनचा दोर उन्हाने कुजतो आणि नुसतं बघून ते कळेलच असं नाही. खुंटीही गंजलेली असते. स्वतःचा दोर न्या, कमी ताणणारा स्टॅटिक, ११ मिमी. हार्नेस, दोन कॅराबिनर, हेल्मेट, उतरायचं आणि चढायचं उपकरण. हे सगळं माझ्याकडे आहे आणि मी कुठेही उतरतो.

तंगूसवाली:
दोरखंडभाऊ, त्यांच्याकडे एकाच वस्तूचे पैसे आहेत.

दोरखंड:
मग उतरू नका. दोराशिवाय जिथे चढता येत नाही, तिथे दोराने उतरू नये, हा माझा नियम आहे. भिजल्यावर, थकल्यावर, पाठीवर मासे घेऊन तोच उतार चढायचा असतो. तुमची वाट हातापायांची असेल तर कड्याकडे तोंड करून उतरा, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले. रॉड सुटा करून पिशवीत, पिशवी पाठीवर, हातात काहीही नको. पावसानंतर कडा सुटतो, तेव्हा वरून दगड येतात.

एकटा_गरी:
मी स्वतःला खडकाला बांधून घेतो. लाट आली तरी वाहून जात नाही. सोपा उपाय.

दोरखंड:
हे करू नका, कोणीच करू नका. बांधलेला माणूस लाटेबरोबर दोराच्या लांबीएवढा जातो आणि परत खडकावर आपटतो, पुन्हा पुन्हा. दोर ताणलेला असताना गाठ सुटत नाही. पाण्यात पडल्यावर जीव वाचतो तो खडकापासून लांब पोहत जाऊन, उताणं तरंगून, आणि लाट जिथे सपाटीवर चढते अशी जागा मिळेपर्यंत थांबून.

एकटा_गरी:
इतकी वर्षं बांधतोय, काही झालेलं नाही.

तंगूसवाली:
म्हणूनच म्हणते, जॅकेट. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने खडकावरच्या मासेमारीसाठी २०१६ साली कायदाच केला, जाहीर केलेल्या धोक्याच्या जागी लाईफ जॅकेट सक्तीचं. उगाच केला नसेल.

आणि तुमचा नुसता बसणारा मित्र फार कामाचा आहे. त्याला वर, कोरड्या जागी बसवा, पाठ समुद्राकडे नाही. हातात फेकायचा तरंगता दोर, टोकाला बूच लावलेला रिकामा कॅन, खिशात चार्ज असलेला फोन. कोणी पडलं तर त्याने उडी मारायची नाही, कॅन फेकायचा आणि मदत बोलवायची. हे उतरायच्या आधी त्याच्याशी बोलून ठेवा.

कातळकरी:
पण पडूच नये म्हणून बूट.

कपारवाट:
सगळ्यांचे आभार. तिथे जाऊन अर्ध्या तासाहून जास्त वेळ वर बसलो. खालचा बाक अख्खा काळा आणि ओला होता. एकच लाट अशी आली की मी जिथे उभा राहणार होतो तिथून पाणी वाहून गेलं. बाकी सगळा वेळ तिथे काहीच नव्हतं. मधे घळही आहे, ती वरून आधी लक्षातच आली नव्हती.

ठरवलंय असं. खाली उतरायचं नाही. पायवाट संपते तिथे पाण्यापासून ६-७ मीटर उंच एक रुंद टप्पा आहे, कोरडा, कडेला गवत उगवलेलं. तिथून टाकणार. इतक्या उंचीवर मासा तंगूसावर उचलता येणार नाही, म्हणून घेतली ती ड्रॉप नेट, म्हणजे दोराने खाली सोडायची रिंगणाची जाळी, चांगली रुंद तोंडाची. बूटही नाही, जॅकेटही नाही. पायवाट कोरडी असते, तिथे आहेत ते ट्रेकिंगचे बूट चालतात.

कातळकरी:
एवढं लिहून शेवटी जाळी? वरून अर्धे मासे सुटतील.

कपारवाट:
सुटू देत.

उधाणवारा:
जागा चांगली निवडलीत. गवत आहे म्हणजे नेहमीची लाट तिथे पोचत नाही. मोठ्या स्वेलची पोचणारच नाही असं मात्र नाही, पिरियड बघणं सोडू नका.

तंगूसवाली:
जॅकेट तरीही घाला. सहा मीटरवरून पडणं हेही पडणंच आहे. विकत नसेल घ्यायचं तर कोणा होडीवाल्याकडून फोमचं मागून आणा.

कपारवाट:
मित्राच्या मामांची होडी आहे, विचारतो.

शिसंवाला:
ड्रॉप नेटच्या रिंगणाला एका बाजूला थोडं शिसं बांधा. नाहीतर उंचावरून सोडल्यावर ती वाऱ्याने भिरभिरते आणि पाण्यावर आडवी तरंगत राहते, बुडतच नाही. मासा पूर्ण दमू द्या, जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर ओढून आणा. जाळी माशामागे फिरवायची नाही. दोर मित्राच्या हातात द्या.

कपारवाट:
हे बरं झालं सांगितलंत. शिसं किती, ५० ग्रॅम पुरेल?

शिसंवाला:
१०० बांधा. आणि रॉड १२ फुटी घ्याच.