रात्रभर टिकणारी आग: हवा कोंडावी की नाही?

थंडीकर
आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या उत्तर भागात, नोव्हेंबर लागला की गप्पांचे विषय दोनच उरतात. बर्फ आणि सरपण. घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात ओतीव लोखंडाचा जुना वुड स्टोव्ह आयताच मिळाला. पोट दोन घनफुटांचं. घरात तेलावरचं हीटिंग आहे, पण वादळात वीज गेली की तेही गार पडतं, आणि वीज असली की तेलाचं बिल बघून आपण गार पडतो.

माझं मत सरळ आहे. रात्री दहाला भरल्यावर सकाळी सहाला निखारे मिळाले, तर ती आग चांगली. मी ओकचे जाड ओंडके घालतो, चांगले पेटले की हवेची झडप पूर्ण बंद करतो आणि झोपतो. सकाळी राख उकरली की खाली लालबुंद निखारे असतात. वर दोन ढलप्या टाकल्या की काडी न ओढता जाळ.

शेजारच्या आजोबांना हे अजिबात पसंत नाही. चाळीस वर्षं ते लाकूड जाळतायत. रात्री हवा थोडी उघडी ठेवतात आणि तीन वाजता उठून पुन्हा दोन लाकडं घालतात. उणे पंधरात रात्री तीनला उठण्यात कसलं शहाणपण? जाणकारांनी सांगावं.

धूरकट
आजोबांचं ऐका. मी सडबरीत राहतो, कॅनडातल्या ऑन्टॅरिओत, आणि तुमचीच पद्धत तीन हिवाळे वापरली आहे.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊर्जा या वायूंमध्येच असते. ते नीट पेटायला साधारण ६०० अंश सेल्सियस लागतात, वर हवाही लागते. झडप बंद केली की दोन्ही गेलं. लाकूड जळत नाही, धुमसतं. तो न जळलेला धूर धुराड्यात चढतो, वर पाइप १२० अंशांच्या खाली गेला की त्याला चिकटतो आणि डांबरासारखा थर धरतो. क्रिओसोट म्हणतात त्याला. चौथ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी जरा मोठा जाळ केला आणि तो थर पेटला. आवाज कसा, तर छतावरून मालगाडी चालल्यासारखा. अग्निशमनवाले आले, घर वाचलं, धुराड्याचं अस्तर मात्र तडकलं.

एकच विचारतो. सकाळी स्टोव्हची काच कशी असते?

थंडीकर
काळीकुट्ट. ओल्या वर्तमानपत्राला राख लावून रोज पुसतो. मला वाटायचं असंच असतं.

धूरकट
काचेवर दिसतंय तेच पाइपात आहे, फक्त तिथे रोज कोणी वर्तमानपत्र फिरवत नाही.

तुमचा स्टोव्ह बहुधा १९७३ च्या तेलटंचाईनंतरच्या पिढीतला. तेव्हा न्यू इंग्लंडात, म्हणजे तुमच्या ईशान्य अमेरिकेत, हवाबंद स्टोव्हची लाटच आली होती. झडप ठार बंद करता येते हाच त्यांचा गुण म्हणून विकला जायचा. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने धुरावर मर्यादा घातल्या. त्यानंतरच्या बहुतेक स्टोव्हमध्ये हवा पूर्ण कोंडताच येत नाही.

हिशेबी
थोडं गणित करू. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलातलंच. जात कुठलीही असो, वजनाला जवळपास तेवढीच. ओक आणि पाइनमध्ये फरक घनतेचा, म्हणजे त्याच पोटात ओक जास्त किलो मावतो, एवढाच.

तुमच्या स्टोव्हात ठासून १५ किलो मावत असतील. ६० युनिट झाले. सत्तर टक्के घरात आले तर ४२. ते आठ तासांत मिळाले तर सव्वापाच किलोवॉट, म्हणजे दीड किलोवॉटचे साडेतीन हीटर रात्रभर लावल्यासारखं. तेच चौदा तास ताणलं तर तीन किलोवॉट. आग जितकी लांबवाल तितकी ती गार. पोत्यात दाणे तेवढेच आहेत, हळू खाल्ले म्हणून वाढत नाहीत. आणि हवा कोंडली तर धुरावाटे गळती वाढते, म्हणजे ते ४२ सुद्धा हाती लागत नाहीत.

पुणेरी_चिमटा
२१ व्या शतकात अमेरिकेत जाऊन चूल फुंकताय? बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणारा हीट पंप बसवा की. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार कोण करणार?

थंडीकर
मागच्या डिसेंबरात बर्फाच्या वादळाने आमची वीज चार दिवस गेली होती. हीट पंप विजेवर चालतो. सर्वात जवळचं फुप्फुस आजोबांचं, अर्धा मैलावर, आणि ते स्वतःच धूर काढतात.

टेम्सकाठी
चिमटा काढणाऱ्यांचा मुद्दा शहरात मात्र खरा आहे. आमच्याकडे इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर त्यात ओल २० टक्क्यांच्या वर चालत नाही. लंडनच्या बऱ्याचशा भागात तर मान्यता नसलेला स्टोव्ह लाकडावर पेटवताच येत नाही. अर्ध्या मैलावर एक आजोबा असणं वेगळं, एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग वेगळी.

संथगती
मी धागाकर्त्यांच्या बाजूने. हळू जाळणं हा गुन्हा नाही, चुकीच्या स्टोव्हात हळू जाळणं हा आहे. माझा कॅटॅलिटिक स्टोव्ह आहे. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमसारख्या धातूंचा लेप. त्यामुळे धूर ६०० ऐवजी साधारण २६० अंशांनाच पेटतो. वर थर्मोस्टॅट आपोआप झडप हलवतो. ऑक्टोबरात माझी एक भरणी वीस तास जाते आणि धुराड्यातून धूर दिसत नाही. हिशेबींचं गणित बरोबर आहे, पण ऑक्टोबरात घराला साडेतीन हीटर हवेत कोणाला? कमी उष्णता हाच तेव्हा गुण. जानेवारीत तोच स्टोव्ह दहा-अकरा तासांत रिकामा होतो.

धूरकट
मान्य. पण त्या जाळीचं आयुष्य सांगा की. रंग दिलेलं लाकूड किंवा गुळगुळीत मासिकाची पानं जाळली की तिचं काम बिघडतं, आणि एरवीही काही वर्षांनी बदलावीच लागते. स्वस्त नाही ती.

संथगती
नाही स्वस्त. धुराड्याचं अस्तरही नव्हतं ना?

बर्चबन
तुम्ही सगळे आग लांबवायच्या मागे का लागलात? मी फिनलंडमध्ये राहते. इथे बऱ्याच घरांत दगडाची किंवा विटांची भट्टी असते, टन-दोन टनांची. संध्याकाळी बर्चच्या दहा-बारा किलो बारीक फाकी, हवा पूर्ण उघडी, दीड-दोन तासांत सगळं जळून खलास. आतला धूर वाकडीतिकडी वळणं घेत दगड तापवत जातो आणि मग तो दगड दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ऊब सोडत बसतो. रात्री आग नसतेच. फक्त शेवटचा निखारा विझायच्या आधी झडप बंद करायची नाही, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला वास नसतो. थंडीकर, अलार्म आहे ना तुमच्याकडे?

थंडीकर
अलार्म आहे, दोन आहेत. दोन टन दगड माझ्या लाकडी जमिनीवर ठेवला तर मात्र तो तळघरात सापडेल.

गडहिंग्लजकर
बर्चबन, तुमची भट्टी म्हणजे आमचा बंबच की हो! बंबात कोणी आग लांबवत नाही. मधल्या नळीत ढलप्या घालायच्या, खालून हवा मोकळी, भडाभडा जाळायचं. ऊब पाणी धरून ठेवतं.

आता थंडीकरांसाठी. माझी आजी रात्री चुलीतला आर राखेत पुरून ठेवायची, शक्यतो बाभळीचा, आणि वर एक शेणी. पहाटे उकरून फुंकणी घातली की जाळ. पण ते काडेपेटी वाचवायला. त्या आराने घर तापतं असं तिला कधी वाटलं नाही, थंडीत ती घोंगडं घ्यायची. आर राखणं आणि घर गरम ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सकाळी निखारे होते हे सांगितलंत. सकाळी खोली किती अंशांवर होती ते नाही सांगितलंत.

थंडीकर
हा प्रश्न जिव्हारी लागला, कारण उत्तर ठाऊक नव्हतं. थर्मोस्टॅटच्या ॲपमध्ये जाऊन पाहिलं. खोली १५ अंशांच्या खाली गेली की तेलाचं हीटिंग सुरू होतं, तसं लावून ठेवलंय. कालच्या रात्री ते तीन तास वीस मिनिटं चाललं. म्हणजे आर मी राखला आणि घर तेलाने तापवलं.

धूरकट
आता लाकूड बघा. ओलीचा मीटर घ्या, दोन सुयांचा असतो. बाहेरून टोचू नका. ओंडका फोडा आणि ताज्या फाकेवर मधोमध टोचा.

थंडीकर
मीटर आला. 'दोन वर्षं वाळवलेला ओक' म्हणून घेतलेलं लाकूड. बाहेरून १७ टक्के. फोडून आत, ३१.

धूरकट
अर्थात. ओक गोल ओंडक्यात वाळतच नाही. फोडून, जमिनीपासून वर, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळा ठेवला तर दोन उन्हाळे लागतात. यंदा त्याला हात लावू नका. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड मिळतंय का बघा, ते मुळातच कमी ओलं असतं. आणि आधी धुराडं साफ करून घ्या, नंतर नाही. तपासणी दरवर्षी एकदा हवीच.

भरायची माझी पद्धत: निखारे दाराकडे ओढायचे, मागे जाड फाकी एकमेकींना घट्ट चिकटवून रचायच्या. फट जितकी कमी तितकी आग सावकाश आत शिरते. वेळ हवेतून नाही, रचण्यातून काढायचा. पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी, लाकडांचे बाहेरचे अंग काळे पडेपर्यंत. मग तीन-चार टप्प्यांत कमी. ज्वाळा मंद व्हावी पण दिसत राहावी. दिसेनाशी झाली की हवा थोडी परत द्या.

संथगती
यावर माझंही दुमत नाही. नोंद करून ठेवा, पुन्हा होणार नाही.

थंडीकर
दहा दिवसांनी पुन्हा लिहितोय. धुराडं साफ झालं. साफ करणाऱ्याने निघालेला माल बादलीत दाखवला. काळा, चकचकीत, काचेसारखा फुटणारा. पुढे काही बोलला नाही, मीही नाही.

आजोबांनी त्यांच्या ढिगातलं ॲश दिलं, फोडून आत १८ टक्के. काल बाहेर उणे बारा. दहाला रचून भरलं, साडेदहाला झडप एक चतुर्थांश उघडी ठेवून झोपलो. पाचला मूठभर निखारे होते, पूर्वीपेक्षा कमीच. काच फक्त कोपऱ्यांत तपकिरी. तेलाचं हीटिंग चाळीस मिनिटं चाललं.

सहाला काडी ओढावी लागली, हे गडहिंग्लजकरांच्या आजीला आवडलं नसतं.

लाकडाचे पैसे द्यायला गेलो तेव्हा आजोबांना म्हटलं, आता मीही तीनला उठून बघणार, तुमच्यासारखा. ते हसले. म्हणाले, मी लाकडासाठी उठत नाही रे. या वयात तीनला बाथरूमला उठावंच लागतं, येता येता दोन लाकडं टाकतो.